लाल गाडी खाली बसेना

माझे ऱ्हस्व-दीर्घ चुकतात आणि अक्षर तर कोंबडीने माती उकरल्यासारखे आहे, त्याबद्दल आधीच माफी मागते. चौथी झाली आणि शाळा सुटली. हे कोणाला दाखवायला लिहीत नाही. पुढेमागे माझ्या मुलीच्या हाती लागले तर तिने हसू नये, किंवा हसली तरी शेवटपर्यंत वाचावे. माझी ओळ शेवटाला वर चढत जाते. हात कितीही सरळ धरला तरी चढते. ते बघून दर वेळी मला ती लाल गाडी आठवते.

आमचे दुकान डिचोलीच्या बाहेर, खाणीकडे जाणाऱ्या रस्त्याला होते. दुकान म्हणजे पत्र्याची शेड, एक भट्टी, एक ऐरण आणि मागे आमच्या दोन खोल्या. यजमान ट्रकच्या कमानी, म्हणजे चाकांवरचे पोलादी पाट्यांचे स्प्रिंग, दुरुस्त करत. खनिज भरलेले ट्रक दिवसभर धावत, खड्ड्यात आपटून कमानीतला एखादा पाटा तुटे, आणि ड्रायव्हर शिव्या देत आमच्या दारात येई. मी भट्टीचा पंखा फिरवायची, तापलेल्या पाट्याचे दुसरे टोक सांडशीने धरायची. पण गिऱ्हाइकाशी एक शब्द नाही. कोणी काही विचारले की ‘त्यांना विचारा’ म्हणायचे आणि आत जायचे. तशीच होते मी.

शेड उभी राहिली ती माझ्या भावाच्या पैशांवर. माझे माहेर सावंतवाडीकडचे. भावाने नव्या घराच्या चिऱ्याच्या भिंती उभ्या केल्या होत्या आणि कौलांसाठी पैसे बाजूला ठेवले होते, तेच त्याने आम्हाला दिले. “सावकाश द्या,” म्हणाला. तो रागावला असता तर बरे झाले असते. आम्ही थोडे थोडे करून बरेचसे फेडले, पण शेवटचा मोठा वाटा राहिला होता आणि भिंतींवर अजून माडाच्या चुडतांची झापेच होती. चतुर्थीला गेले की वहिनी पाट सरकवायची. “वन्सं, जरा हय सरकून बसा. थय गळता.” मग हसत हसत, “आमची कौलां तुमच्या भट्टीत लाल होतत न्हय?” भाऊ “गप गो” म्हणायचा. मी पानातला भात तसाच ठेवून उठायची.

त्या वर्षी पाऊस तोंडावर आला आणि खाणी थांबल्या. ट्रक ओळीने उभे राहिले. पावसाळाभर आमच्याकडे काम नसे, भट्टीवर मांजर झोपे. अशा वेळी ती गाडी आली. मांद्र्याच्या एका गृहस्थांची, सगळे त्यांना बाबा म्हणत. दोन माणसे बसतील एवढीच, बुटकी, लाल, कापडी छपराची. पोर्तुगीज असताना त्यांच्या थोरल्या भावाने बोटीने मागवली होती. थोरले भाऊ गेले, गाडी यांच्याकडे राहिली. मागच्या कमानी पार बसल्या होत्या, एक पाटा तुटला होता, आणि जरा खड्डा आला की चाक मडगार्डला घासे. अशा गाडीच्या कमानी गोव्यात मिळत नव्हत्या, म्हणून नव्या घडवायच्या होत्या. बाबांनी लोखंडापुरते पैसे आधी दिले. “बाकीचे गाडी सरळ उभी राहिली म्हणजे,” म्हणाले. बाकीचे म्हणजे जवळजवळ तेवढेच, जेवढे भावाचे राहिले होते. यजमानांनी माझ्याकडे बघितले, मी त्यांच्याकडे.

नव्या कमानी छान झाल्या होत्या. मीच सांगते, कारण मी त्यांचे टोक धरले होते. टोकांच्या डोळ्यांत, म्हणजे गोल भोकांत, बसवायचे बुश, म्हणजे आतल्या नळ्या, मात्र ट्रकसारखे पितळेचे नव्हते, रबराचे होते. ते मी साबणाचे पाणी लावून आत ढकलले. मग नेहमीसारखी गाडी मागून जॅकवर उचलली, चाके लोंबती ठेवली, कमानी चढवल्या, सगळे नट ताकदीने आवळले आणि गाडी खाली सोडली.

ती खाली आलीच नाही. म्हणजे चाके टेकली, पण मागचे अंग उंचच राहिले. पुढचे नाक खाली आणि मागचे वर. आडोशाला उभा असलेला एक ट्रकवाला पावसातून ओरडला, “मेस्ता, तुजी गाडी कोणाच्या पाया पडता रे?”

“नवी कमान असा. बसतली,” यजमान म्हणाले.

ट्रकची नवी कमान बसवायची आमची एकच रीत. भरपूर माल भरायचा आणि पाठवायचा. पहिल्या खेपेला कमान आपली जागा घेते. यजमानांनी तीच रीत इथेही केली. सीटच्या मागे आणि मागच्या पेटीत खनिजाच्या मातीच्या गोणी रचल्या. गाडी खाली बसली. चार दिवसांनी गोणी काढल्या, ती पुन्हा वर. आत लाल माती सांडली होती, ती मी ओल्या फडक्याने पुसत बसले. पुसता पुसता मडगार्ड आणि चाक यांच्यामध्ये हात घालून बघितला. आडवा अख्खा पंजा आत जात होता. नको तेवढी जागा.

तेव्हापासून मला एका जागी बसवेना. तांदूळ निवडता निवडता उठायची, बाहेर जायची, हात घालून बघायची. भाकरी तव्यावर टाकून जायची आणि करपवून यायची. सकाळी पाववाला पोदेर भोंगा वाजवत उंडे घेऊन आला तरी मी त्या गाडीमागेच उभी. मुलगी म्हणाली, “आई, तू बघितल्याने ती खाली येते काय?” येत नव्हती. पण न बघता राहवत नव्हते. सारखे वाटे की आत्ता या घडीला भावाच्या घरात कुठल्या कोपऱ्यात भांडे ठेवले असेल.

यजमानांनी कमानी पुन्हा उतरवल्या. नट सैल करताना कमानीचा डोळा एकदम उडी मारल्यासारखा फिरला आणि त्यांच्या बोटाला लागले. मी हळद आणली. “मस्ती असा हिच्यात,” ते गाडीला म्हणाले. भट्टी पेटवून पाट्यांचा बाक थोडा कमी केला, पुन्हा जॅकवर चढवल्या, पुन्हा आवळल्या. जरा उतरली, पण सरळ नाही. आता पंज्याऐवजी तीन बोटे. मग ते म्हणाले, “एक पाटा काढून टाकतंय. दुसरो इलाज नाय.” म्हणाले खरे, पण हात लावेनात. पाटा काढला तर कमान कमजोर होणार, माणसे बसली की चाक पुन्हा घासणार, हे त्यांना माहीत होते. मलाही.

त्याच दिवशी बाबा आले, बरोबर त्यांची बायको. मांद्र्याहून दोन बसगाड्या बदलून, छत्र्या गळत. बाबांनी गाडीकडे बघितले आणि छत्री मिटायचेच विसरले.

“मेस्त, ही गाडी की टोळ?”

“बाब, आणि आठ दिवस द्या.”

“आठ दिवसांनी काय, उडणार ती? माझा एक ओळखीचा फोंड्याला आहे. त्याच्याकडे नेतो उद्या. त्याचे पैसे तुमच्या हिशेबातून कापीन, वाईट वाटून घेऊ नका.”

मी बाबांच्या बायकोला आत नेले, खिडकीजवळ बसवले, चहा ठेवला. त्या जाड, गोऱ्या, बोलक्या होत्या. मी बोलत नव्हते म्हणून त्याच बोलत होत्या.

“ह्या गाडीने मला जन्मभर छळलंय गे बाये. लग्न नवं होतं तेव्हा एकदा पणजीला हिच्या कमानी बदलल्या. तो मेस्त सायब मला म्हणतो, बाई, गाडीत बसा. हे एका बाजूला, मी दुसऱ्या. तो खाली घुसलेला, आणि आम्ही देवळातल्या मूर्तींसारखी बसलेली. उकाडा असा! मांडीवर मानकुराद आंब्यांची पाटी. म्हटलं, का रे बाबा, आम्हाला खाली उतरव. तर म्हणतो, हलू नका, अजून एक नट राहिलाय.”

मी चहाचा कप त्यांच्यापुढे ठेवला आणि तिथेच उभी राहिले. माणसे आत बसवून नट कशाला आवळायचे? आम्ही तर गाडी हवेत टांगून आवळतो. मला कारण कळत नव्हते. पण तो डोळा उडी मारल्यासारखा फिरला होता ते आठवत होते. मी विचारावे म्हणून तोंड उघडले आणि बाहेरून बाबांचा आवाज आला, “चल गो, बस चुकेल.”

त्या उठल्या. पदर खोचला, छत्री घेतली. मी मागोमाग शेडच्या तोंडापर्यंत गेले. ती दोघे पावसात पाय टाकणार एवढ्यात मी यजमानांना म्हणाले, पण सगळ्यांना ऐकू जाईल असे, “अहो, त्यांना गाडीत बसायला सांगा.”

माझा आवाज मलाच परका वाटला. बाबा वळले. यजमानांना वाटले मला ताप भरला.

“काय म्हणतंस?”

“दोघांना बसवा आणि मग नट आवळा. त्यांच्या पणजीच्या मेस्ताने तसेच केले होते. बाईंनी सांगितले.”

“ता बायलांचा काय तरी—” यजमान बोलू लागले आणि मध्येच थांबले. दुखऱ्या बोटाकडे बघितले. मग ओणवे होऊन गाडीखाली बघत राहिले, पुष्कळ वेळ. उठले तेव्हा चेहरा वेगळा होता.

“रबर,” ते म्हणाले. “बाब, चूक माझी. ट्रकाचो बुश पितळेचो, ग्रीसात फिरता, टांगून आवळलो तरी चलता. हयसर रबर. चाकां लोंबतत तेव्हा मी आवळलंय, रबर थयच पकडला. आता गाडी खाली येवक बघता, आणि रबर पिळान तिका परत वर ढकलता.”

“म्हणजे आम्ही बसायचं?” बाबांनी विचारले.

“बसा. दोगांय.”

“परत?” बाई म्हणाल्या. “आणि आज आंबे पण नाहीत!”

चारी चाकांखाली लाकडी ठोकळे दिले, म्हणजे गाडीचा भार चाकांवरच राहील आणि खाली माणूस सरकेल. दोघे आत बसली. यजमान पाठीवर खाली सरकले. मी मागच्या चाकाजवळ बसले आणि आपोआप हात मडगार्डखाली गेला. पहिला नट सैल झाला. काही नाही. दुसरा. मग ओल्या दाराने कुरकुरावे तसा आवाज झाला आणि गाडी खाली आली, माझ्या हातावर. “आवय गे!” बाईंनी बाबांचा दंड धरला. मी हात ओढून घेतला. दुसऱ्या बाजूलाही तसेच. यजमानांनी बाहेर येऊन मागचे अंग दोन-चारदा दाबून सोडले, पुन्हा खाली गेले आणि आहे त्या जागीच सगळे नट आवळले. “हलू नका,” आतून म्हणाले, आणि बाई इतक्या हसल्या की गाडी हललीच.

ती उतरल्यावर गाडी थोडी वर आली आणि थांबली. बाबा रस्त्याच्या पलीकडे जाऊन पावसात उभे राहिले, एक डोळा मिटून बघितले. डावी बाजू किंचित उतरती होती, ती यजमानांनी दुसऱ्या दिवशी पातळ पट्टी घालून सारखी केली. बाबांनी त्या रविवारी येऊन पैसे दिले आणि गाडी घेऊन गेले. जाताना भोंगा वाजवला. आडोशाच्या ट्रकवाल्याने दोन्ही हात जोडून गाडीला नमस्कार केला.

यजमान म्हणाले, चतुर्थीला जाणारच आहोत, तेव्हा देऊ. मी ऐकले नाही. सोमवारी पहिल्या बसने एकटी निघाले. पैसे रुमालात, रुमाल पोलक्यात, आणि वाटभर तिथेच हात. वाटेत बांद्याला बस थांबली तेव्हा उतरून चालत जावे असे वाटले, चालत किती वेळ लागेल याचा विचार न करता.

भाऊ झापांखाली दोरी वळत बसला होता. मी रुमाल त्याच्या पुढ्यात ठेवला. त्याने न मोजता वहिनीकडे सरकवला. वहिनीने पदराला हात पुसले आणि एकेक नोट मोजली. मग पुन्हा मोजली. मी उभीच होते.

“पुरे झाले,” ती म्हणाली. “वन्सं, आता काय एक येणा नाय तुमच्याकडसून.” आणि पाट माझ्यासाठी मध्यभागी मांडला, जिथे गळत नव्हते तिथे.