जिवल्याला हाक

त्या वर्षी बोईसरात ज्याच्या त्याच्या मोबाइलवर ‘पिवळं पाणी’ वाजत होतं आणि ज्याचं त्याचं त्यावर मत होतं. ‘पिवळं पाणी’ म्हणजे बेटेगावच्या विनोदचा आणि त्याच्या मित्रांचा अल्बम. नाल्यात सोडलेलं कारखान्यांचं पाणी, गेलेल्या जमिनी, स्फोटात जळालेले कामगार, मतांपुरते पाड्यावर उगवणारे पुढारी, या सगळ्यांचा रॅपमधून उद्धार आणि मागे कान फाडणारी मेटलची गिटार. शिरगावचा शैलेश, ज्याची चिकूची मोठी वाडी, म्हणाला, “ही गाणी आहेत की मोर्चा? कंपन्या उद्या निघून गेल्या तर ही पोरं काय गिटार खाणार आहेत?” दांडीच्या प्रदीपचं दुखणं वेगळंच. जाळं सोडवता सोडवता तो कुरकुरला, “सगलं पाड्याचं सांगितलं. आमच्या जाल्यात म्हावरं येत नाय, त्याची गाण्यात एक ओल नाय.” शाळेतल्या भाग्यश्रीबाईंना शब्द पटले, पण एवढं किंचाळायचं कशाला, ते पटलं नाही. चहाच्या टपरीवर शिफ्ट संपवून आलेला एक कामगार मात्र डोळे मिटून ऐकायचा आणि सांगायचा, “समझ में आधा आता है, ग़ुस्सा पूरा आता है.” एका पक्षानं तर सभेत लावून टाकलं, आणि दुसऱ्याच कडव्यात आपल्याच साहेबांचं वर्णन ऐकून धावत जाऊन बंद केलं!

एका बाबतीत मात्र सगळ्यांचं एकमत होतं. शेवटच्या गाण्यात गिटार, ड्रम, शिव्या सगळं एकदम थांबतं. मग एक म्हातारा आवाज एकटाच गायला लागतो. शब्द फारसे कळत नाहीत, नाव तेवढं कळतं. “जिवल्या, ये रं. जिवल्या, तुझी जागा सारवली. ये.” शैलेशसुद्धा कबूल करायचा की तिथे अंगावर काटा येतो.

तो आवाज विनोदच्या मामाचा. आणि मामाचं नाव जिवल्या.

जिवल्या हा वारली पाड्यावरचा भगत. पोटासाठी तो एका कंपनीच्या कॉलनीत माळीकाम करायचा, लॉनला पाणी घालायचा. पण पाड्यात कुणी गेलं की दिवसाच्या कार्याला माणसं त्याच्याच दारात. त्याच्या बापानं त्याला ती गाणी शिकवली होती. भगत भोपळ्याच्या घांगळीच्या तारेवर गातो, मेलेल्याला नाव घेऊन बोलावतो. मेलेला येतो, जमलेल्यांपैकी कुणाच्या तरी अंगात शिरतो, पोटभर जेवतो, राहिलेलं बोलतो. मग भगतच दुसरं गाणं म्हणून त्याला त्याच्या वाटेनं परत पोचवतो. बोलावणं आणि पोचवणं. एक केलं की दुसरं करावंच लागतं, हे बापानं त्याला गाण्याच्याही आधी शिकवलं होतं.

भाच्याला मात्र जिवल्या कधी नाही म्हणू शकला नाही. “मामा, लोकांना कळू दे आपलं,” असं म्हणत विनोदनं त्याला बोईसरच्या एका खोलीत नेलं. भिंतींना फोम, कानांवर हेडफोन. जिवल्या गायला लागला आणि नावाच्या जागी येऊन अडला. नावाशिवाय ते गाणं पुढे सरकत नाही, जीभच वळत नाही. “कुणाचं पण घे ना,” विनोद म्हणाला. कुणाचं घ्यायचं? मेलेल्याचं घेतलं तर तो येणार. आणि इथे ना तांदूळ, ना जेवण, ना त्याचं माणूस. जिवल्यानं डोकं चालवलं. जित्या माणसाला बोलावलं तर येणार कोण? त्यानं स्वतःचंच नाव घातलं आणि आपल्या हुशारीवर खूश होऊन मोकळ्या गळ्यानं गायला. पोचवायचं गाणंही त्यानं मागोमाग म्हटलं. विनोदनं ते लांबतंय म्हणून कापून टाकलं.

अल्बम आला आणि लोकांनी जिवल्याला मारून टाकलं. म्हणजे त्यांना वाटलं, जिवल्या हा स्फोटात गेलेला कुणी कामगार असणार. स्टेशनबाहेरच्या भिंतीवर कुणीतरी रंगानं लिहिलं, ‘जिवल्या, आम्ही विसरलो नाही’. टपरीवर तर त्याच्याच शेजारी बसून एकानं सांगितलं, “जिवल्या? मेरे ही प्लांट में था. बहुत सीधा आदमी.” जिवल्यानं चहा संपवला. घरी येऊन त्यानं हे बायकोला, ठमीला, हसत सांगितलं. ठमी हसली नाही.

कारण तिनं वेगळंच काही पाहिलं होतं. कुठून तरी ते गाणं कानावर आलं, रिक्षातून, कुणाच्या गॅलरीतून, की जिवल्या हातातलं काम टाकून उठायचा आणि आवाजाच्या दिशेनं चालू लागायचा. कॉलनीत लॉनवर पाइप तसाच वाहत राहायचा. “कठं निघालास?” ठमी दंड धरून विचारायची, तेव्हा तो भानावर यायचा. त्याला सांगता यायचं नाही. जेवायचा भरपूर, पण पोट भरत नाही म्हणायचा. आणि पाड्यातली कुत्री, जी त्याच्या हातची भाकरी खायची, ती त्याला पाहून बाजूला सरकू लागली. जिवल्या मनातून भ्याला होता. दुसऱ्यांना बोलावण्यात त्याचा जन्म गेला होता, बोलावणं आल्यावर कसं वाटतं ते त्याला आत्ता कळत होतं.

तो विनोदकडे गेला. “ते काढून टाक, नाय तर पुढलं, पोचवायचं, लाव.”

“मामा, लोक त्या तुकड्यासाठीच ऐकतात. आणि आता माझ्या हातात काय हाय? ज्याच्या त्याच्या फोनमध्ये गेलंय ते.”

मग एका रविवारी, उन्हं चांगली चढलेली असताना, एक म्हातारी पाड्यावर आली. जव्हारकडच्या डोंगरातून एसटी बदलत, गाणाऱ्या भगताचा पाडा विचारत आली होती, काखेत फडक्यात बांधलेलं गाठोडं. “भगताचं घर ह्येच का?” नाव सांगितलं नवसी. ठमीनं पाणी दिलं, ते तिनं तसंच खाली ठेवलं आणि जिवल्यासमोर बसली.

“माझा जिवल्या तारापूरला कंपनीत कामाला आलेला, मुकादमासंगं. होळी करून आला, तो इतकी वर्सं परत आलाच नाय. मुकादम बोलला, काम सोडून गेला कठं तरी. मला वाटं, बायको केली आसंल, आयेला इसरला. लय राग होता माझा त्याच्यावर.” तिनं गाठोडं मांडीवर घेतलं. “जावयानं मोबाइल लावला, त्यात तू त्याला बोलावलास. मंग कळलं, तो मेला. भात आणलाय त्याच्यासाठी. कठं हाय तो?”

जिवल्याच्या नावाची माणसं डोंगरात पाड्यापाड्यावर होती, आणि त्यातला एखादा मेलेला असेल, हे त्या फोमच्या खोलीत गाताना त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं! ठमीलाच तोंड उघडावं लागलं. “आये, तुझा पोऱ्या नाय गं तो. यानं स्वताचंच नाव घेतलं. आमी तुझ्या पोऱ्याला वळखत पण नाय.”

नवसीचा चेहरा हळूहळू उजळत गेला. ते बघणं जिवल्याला सोसवेना.

“मंग जिता हाय तो?”

मला ठाऊक नाय, असं जिवल्याला सांगायचं होतं. तेवढं खरं होतं, आणि तेवढ्यावर म्हातारी आशेनं घरी गेली असती. त्यानं तोंड उघडलं.

“आये, चपला आतच राहिल्या माझ्या.”

आवाज कोवळा होता, पोरसवदा. तो आपल्या गळ्यातून येतोय हे जिवल्याला कळत होतं, पण दुसऱ्याच्या घरातलं बोलणं भिंतीपलीकडून ऐकावं तसं. त्याचे हात गाठोड्याकडे गेले. नवसीच्या चेहऱ्यावरचा उजेड गेला. तिनं फडकं सोडलं, पळसाच्या पानावर भात काढला आणि पान त्याच्यापुढे सरकवलं.

“नव्या चपला व्हत्या,” ती म्हणाली. “बाजारातून मीच आणलेल्या. कठं दुखतं रं?”

“आता नाय दुखत.”

तो बकाबका खाऊ लागला. ठमीनं आयुष्यभर ही कार्यं पाहिली होती, पुढे काय असतं ते तिला पाठ होतं. तिनं नवसीचा हात धरला. “आये, सोडला म्हण. घरच्यानं सोडला म्हटल्याबिगर मेलेला हालत नाय. तू म्हण, मी पोचवायचं गाणं म्हणते. बाया म्हणत नाय, पण ऐकून ऐकून येतं मला.”

नवसी ऐकत होती, पण बघत त्याच्याकडेच होती.

“म्हण ना गं,” ठमीनं तिचा हात ओढला. “तो गेल्याबिगर माझा माणूस यायचा नाय.”

“किती बारीक झालाय,” नवसी म्हणाली. तिनं गाठोड्यातला उरलेला भात पानावर ओतला आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवला. “इतक्या वर्सांनी आलाय. जेवू दे त्याला.”

ठमी आता त्याचा खांदा हलवून त्याला नावानं हाका मारत होती. खूप लांब कुठे तरी जिवल्याला त्या ऐकू येत होत्या. तिला ओ द्यावी असं त्याला फार वाटलं. पण तोंडात घास होता, आणि म्हातारी पुढचा घास हातात घेऊन बसली होती.