मेश्राम सर आणि आपोआप आलेलं बटन

मेश्राम सर कॉम्प्युटरला हुकूम द्यायचे आणि लगेच दोन्ही हात मांडीवर ठेवून बसायचे. वेबसाइट बनवायच्या तयार सांगाड्यात, म्हणजे आमच्या वेब फ्रेमवर्कमध्ये, एक ओळ टाइप केली की यादी, फॉर्म, दुरुस्तीचं पान, सगळ्याचा कोड आपोआप तयार होई. आम्ही बाकीचे तो लगेच चालवून बघत असू. सर आधी वाचत. परक्या गावात फिरावं तसे एकेका फाइलीत शिरत, ओठ हलवत. "हे काहून दिलं असंल त्यानं?" असं स्वतःलाच विचारत, आणि उत्तर सापडलं की खूश होत.

ते आधी रायपूरजवळच्या सिलतऱ्याच्या एका प्लांटमध्ये मेंटेनन्सला होते. शिफ्ट सांभाळून कोडिंग शिकले आणि चाळिशी उलटल्यावर नव्या रायपुरातल्या आमच्या छोट्या कंपनीत आले. मी तिथे नवी होते. त्यांचं मराठी मला सगळं कळे, पण उत्तर मी हिंदीत देई, तेही मोजकं. त्यांनी त्यावरून कधी टोकलं नाही. एकदाच म्हणाले, "कमी बोलणारे लोक वाचतात म्हणे. तू तर तेही नाही करून राहिली."

मुलींच्या एका वसतिगृहाच्या प्रवेशाचं काम माझ्याकडे होतं. आपोआप आलेल्या यादीत प्रत्येक अर्जापुढे 'डिलीट'चं बटन होतं. सरांनी सांगितलं म्हणून मी ते काढलं. पुढे वसतिगृहाने फॉर्ममध्ये एक रकाना वाढवून मागितला, तेव्हा मी तीच ओळ पुन्हा चालवली. जुन्या फाइलीवर नवी लिहू का, असं कॉम्प्युटरने विचारलं. मी न वाचता हो म्हटलं. हाताने केलेले माझे बदल पुसले गेले आणि बटन परत आलं. मी फक्त नवा रकाना पाहिला आणि काम पाठवून दिलं.

पंधरा दिवसांनी तिथून फोन आला. एका मुलीचा अर्ज सापडत नव्हता, आणि निवडीची यादी दुसऱ्या दिवशी लागणार होती. सर मला घेऊन निघाले. बस मिळायला पाऊण तास लागला. तेवढ्या वेळात त्यांनी मोबाइलवर ती यादी उघडली, आणि परत आलेलं बटन आम्हा दोघांना दिसलं.

वसतिगृहाच्या ऑफिसात ती मुलगी आणि तिचे वडील अर्जाची पावती धरून बाकावर बसले होते. टेबलाशी साहू दीदी, तिथल्या क्लार्क, उभ्या होत्या. समोर कोरा कागद. अर्ज आपल्या हातून गेला असं त्यांनी लेखी द्यावं, असं टेबलामागे बसलेल्या अधीक्षक मॅडमचं म्हणणं होतं. तपासलेला अर्ज त्या बटनाने समोरून फक्त बाजूला होईल, असं दीदींना वाटलं होतं.

सरांनी माहितीची रोज ठेवली जाणारी प्रत उघडली. आठवडाभरापूर्वीच्या प्रतीत अर्ज मिळाला आणि त्यांनी तो परत यादीत घातला. मुलीच्या वडिलांनी पावतीची घडी करून खिशात ठेवली. कागद मात्र दीदींसमोर तसाच होता.

मग सरांनी दीदींचं जुनं रजिस्टर मागितलं आणि मन लावून पानं उलटू लागले. चुकलेल्या नोंदीवर एकच रेघ होती, खालची अक्षरं वाचता येत होती, शेजारी सही. "बघ," ते मला म्हणाले, "इथं कोणी खोडरबर लावत नाही." आणि रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं. बटन कुठून आलं, हे त्या खोलीत आम्हा दोघांनाच माहीत होतं. मी गप्प राहिले असते तर त्यांनीही सांगितलं नसतं, असं मला अजून वाटतं.

"मॅडम, वो बटन मेरी गलती से रह गया," मी म्हटलं. "हटाया था, फिर बिना देखे वापस आने दिया."

मॅडमनी कागद माझ्याकडे वळवला. "तो आप लिखिए."

मी लिहिलं. पेन साहू दीदींनीच दिलं.

परतताना स्टॉपवर सर म्हणाले, "आता बनलेल्या फायलीत हात नको घालू. ज्या साच्यातून ते बनते, त्या साच्यात जा."

फ्रेमवर्कचा तो साचा आम्ही आठवडाभर शेजारी बसून वाचला. बदललेला साचा 'डिलीट'ऐवजी 'रद्द' देऊ लागला. नोंदीवर रेघ पडे, अक्षरं दिसत राहत, आणि रद्द करणाऱ्याला नाव व कारण लिहावं लागे. शेवटी सरांनी साच्यातच, प्रत्येक पानाच्या तळाशी, माझं नाव आणि ऑफिसचा फोन टाकायला सांगितला.

"काहून, सर?" मी विचारलं. मराठीत, बहुधा पहिल्यांदाच.

"कोणाचं काही अडलं तर कोणाले विचाराचं, हे त्याले समजलं पाहिजे ना."

दोन वर्षांनी सर मुलीजवळ नागपूरला राहायला गेले. साचा कंपनीत अजून तोच चालतो. मी कधी न पाहिलेल्या कुठल्या तरी ऑफिसातून फोन येतो, "दीदी, नीचे आपका नाम है, ये आपने बनाया क्या?" मी 'हव, मीच' म्हणते, आणि काय झालं ते विचारते.