काकांची जोंगा आणि विश्वकर्मा पूजा

हार्ट अटॅक हे कागदावर. माझ्या काकांना त्यांच्या हट्टाने मारलं.

आज वर्ष झालं. राग अजून गेला नाही, म्हणून लिहितेय.

काका हिंदी मुलखातल्या रांझीचे. सगळी नोकरी फॅक्टरीत, जिथे फौजेची जोंगा जीप बनायची त्या लाईनवर. रिटायर झाल्यावर त्यांना एकच नाद लागला. कुणालाच नको असलेल्या जुन्या गाड्या स्वस्तात शोधायच्या. कुठे चक्कीमागे धूळ खात पडलेली हेराल्ड, कुठे कोंबड्यांनी संसार थाटलेली फियाट.

सोबत मी, त्यांची पुतणी. गाडी कितीही आवडली तरी तोंड वाकडं करून पाहायची, नाहीतर मालक भाव वाढवतो. "तुझं तोंड कामाचं आहे," म्हणायचे.

पण घमापुरातल्या कबाड्याकडे भंगारात जोंगा दिसली आणि काकांनाच तोंड वाकडं करणं जमलं नाही.

त्यांच्याच लाईनवरून निघालेली गाडी. बॉनेटवर हात ठेवून उभेच राहिले.

कबाडी म्हणाला, "दादा, हटिए. शाम को ट्रक जाएगा, इसको काटना है."

गॅस कटर पेटलेलं होतं. काका हटले नाहीत. दार उघडून सरळ ड्रायव्हर सीटवर जाऊन बसले.

मी रडकुंडीला आले. "काका, उतरा ना!"

"काहून घाबरून राहिली? ये, बस इकडे."

बसले मी. काय करणार?

कटरवाला दारापर्यंत आला. कबाडी ओरडत होता. ज्योतीची धग माझ्या हाताला लागत होती.

काकांनी शांतपणे सिलिंडरकडे बोट दाखवलं. त्यावर ताजं कुंकू होतं, झेंडूचा हार होता.

"भैया, आज विश्वकर्मा पूजा. सुबह टीका लगाया और दोपहर को औज़ार चलाओगे?"

पूजेच्या दिवशी औजाराला विश्रांती द्यायची, ही आमच्या फॅक्टरीवाल्यांच्या घरची रीत. कबाडीही ती मानणारा निघाला. त्याने काकांना एक शिवी हासडली, मग वर बघून स्वतःचे कान पकडले.

ज्योत विझली.

दुसऱ्या दिवशी काका पैसे मोजून जोंगा ओढून घरी घेऊन आले. ती चालू होईपर्यंत काकीने त्यांचं तोंड नीट पाहिलं नाही. कायम गाडीखालीच.

गेल्या वर्षी काकांचं हार्टचं ऑपरेशन ठरलं. दिवस नेमका पूजेचा.

"डॉक्टरसाहेब, आज आमच्यात औजार नाही चालवत. उद्या करा."

डॉक्टर आधी हसले. मग अजिबात हसले नाहीत. "रिस्क है," म्हणाले.

मी भांडले. अक्षरशः ओरडले. "तुम्ही काय गाडी आहात का, काका?"

"अगं, कबाडी थांबला होता एक दिवस. डॉक्टर नाही थांबत?"

काकीला तरी काय म्हणणार? सकाळी जोंगाला कुंकू लावून तीच तर आली होती.

काकांनी ऑपरेशनच्या कागदावर सही केली नाही म्हणजे नाहीच केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्ट्रेचर वेळेवर आलं. काका नव्हते.

डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन झालं असतं तरी खात्री नव्हती. मला ते ऐकायचं नव्हतं. अजूनही नाही.

काल पुन्हा पूजा होती. मी मुद्दाम रांझीला गेले. म्हटलं, आजच जोंगा काढते, कमानिया गेटपर्यंत हॉर्न वाजवत नेते. बघू कोणता देव काय करतो.

किल्ली लावली.

काकी दारात आली. हातात कुंकवाचा करंडा. "आज नको ना बाई. आज तिले आराम आहे."

खूप बोलायचं होतं. ज्या रितीने माणूस नेला, तीच पुन्हा पाळायची?

पण किल्ली फिरवायला हात धजेना. काढून काकीच्या हातात दिली.

काका, तुमच्यावर चिडलेली मीसुद्धा शेवटी तुमच्याच घरची निघाले.

आज सकाळी गाडी काढली. पहिल्या सेल्फला सुरू झाली. काकी शेजारी बसली आणि आम्ही दोघी अख्ख्या रस्त्याने रडलो.

राग आहे. राहील. तरी हात जोडते, काका.

तुमच्या वाकड्या तोंडाच्या पुतणीची श्रद्धांजली.