रॅमचं हळदीकुंकू

कॉम्प्युटर चालू करून बघायच्या आधीच मी त्याचा फोटो कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला, इथेच माझं चुकलं. फोटोत कॅबिनेटचं झाकण उघडं, आत वायरींचं जंजाळ आणि कोपऱ्यात स्क्रू ड्रायव्हर धरलेला माझा हात. खाली मी लिहिलं होतं, 'दसऱ्याच्या मुहूर्तावर घरच्या घरी अपग्रेड. शस्त्रक्रिया यशस्वी!' मग बटण दाबलं. दिवा लागला, पंखा फिरला, स्क्रीन मात्र काळाच्या काळा. आणि टेम्पो मागे घेताना वाजतो तसा आतून आवाज यायला लागला. टूं... टूं... टूं...

इकडे टूं टूं चालू, तिकडे फोनवर अभिनंदनाची टिंग टिंग. मेहुण्याने लिहिलं, 'भावोजी, तुम्ही इंजिनियरच व्हायला हवं होतं.' चुलतबहिणीने विचारलं, 'दादा, आमचाही फार हळू चालतो. कधी आणू?' मी सगळ्यांना एकेक अंगठा पाठवला. दुसरं काय पाठवणार?

आता हा कॉम्प्युटर माझा असता तर मी शांतपणे झाकण लावून, त्यावर कपडा टाकून, श्रीखंड-पुरी खायला बसलो असतो. पण तो बायकोचा. लालबाग सोडून मीरा रोडला आलो तेव्हापासून ती घरी लग्नाच्या पत्रिका तयार करून देते. मजकूर लिहिणं, नावं लावणं, वेलबुट्टी, वरती गणपती, सगळं तिचं. मालक ती आणि मेंटेनन्सला मी, अशी आमची वाटणी. मेंटेनन्सला मला कुणी नेमलेलं नाही, पण काही पदं माणूस स्वतःहून सांभाळतो.

त्या दसऱ्याला तिच्याकडे जवळच्या राई गावातल्या एका घरची पत्रिका होती. राईतून आलेलं हे तिचं पहिलंच काम, आणि त्यात घर मोठ्या गोतावळ्याचं. निमंत्रकांचीच नावं इतकी, की नवरानवरीला जागा उरते की नाही अशी शंका यावी. त्यातून नवरीचे मामा रुसले होते. त्यांचं नाव काकांच्या खाली आलं होतं. दसऱ्याच्या सकाळीच नवरीच्या वडिलांचा फोन आला, मामा वर घ्या. बायकोने मामांना वर घेतलं, काकांना खाली सरकवलं आणि पत्रिका सेव्ह केली. पहिली पत्रिका त्या दिवशी संध्याकाळी कुलदेवीपुढे ठेवायची, असा त्यांच्या घरचा रिवाज होता. म्हणून आमच्याच प्रिंटरवर एक काढून द्यायची, बाकीच्या मग प्रेसमधून, असं ठरलं होतं. हिने त्यांना शब्द दिला होता.

"अहो," पुऱ्यांची कणीक घेऊन आत जाता जाता ती मला म्हणाली, "ते येऊन पत्रिका घेऊन जाईपर्यंत मशीनला हात लावायचा नाही."

"छे छे," मी म्हणालो.

पण नया नगरमधल्या दुकानातून मी नवीन रॅम आणून ठेवली होती. रॅम म्हणजे आगपेटीपेक्षा लांब आणि बोटभर रुंद अशी एक हिरवी पट्टी. ती बसवली की कॉम्प्युटरला धाप लागत नाही, असं दुकानदार म्हणाला होता. आमच्या मशीनवर एक पत्रिका उघडेपर्यंत चहा करून, पिऊन, कप विसळून व्हायचा. बायको हे दहा वेळा म्हणाली होती. तक्रार म्हणून म्हणाली होती, पण मी ती परवानगी समजलो. आणि दसऱ्याला आणलेली नवी वस्तू खोक्यातच ठेवायची, तर मग मुहूर्ताला अर्थ काय राहिला?

शिवाय पूजा व्हायची होती. आमच्याकडे दसऱ्याला घरातल्या सगळ्या अवजारांची पूजा होते. कात्री, विळी, माझी स्कूटर, माझा पाना-पक्कड, आणि अर्थातच बायकोचा कॉम्प्युटर. दरवर्षी मी कॅबिनेटच्या डोक्यावर हळदकुंकू लावतो आणि झेंडूचं फूल ठेवतो. त्या वर्षी मला वाटलं, इतकी वर्षं आपण नुसत्या पत्र्याची पूजा करतोय. काम कोण करतं? आतले लोक. त्यांच्यापर्यंत काही पोचतच नाही. म्हणून मी नव्या रॅमला, बसवायच्या आधी, ओलं हळदकुंकू लावलं. त्या पट्टीला खालच्या कडेला सोनेरी दात असतात. दसऱ्याला सोन्याचा मान, म्हणून नेमकं तिथेच लावलं. मग आतली जुनी रॅम काढली. तिला वाईट वाटू नये म्हणून तिलाही लावलं. वरून चार अक्षता टाकल्या, नमस्कार केला आणि दोघींना आपापल्या खाचेत दाबून बसवलं. भावना चांगली होती, असं माझं आजही मत आहे.

तर, टूं टूं टूं.

मी नवी रॅम काढली, जुनीच ठेवली. टूं टूं. जुनी काढली, नवी ठेवली. टूं टूं. दोघींच्या जागा बदलल्या. टूं टूं. फोनवर व्हिडिओ लावला. त्यातला माणूस 'दोस्तों' म्हणून सुरू झाला आणि बराच वेळ चॅनेलला सबस्क्राइब करा एवढंच सांगत राहिला. शेवटी मी दुकानदाराला फोन लावला.

"भाईसाब, रॅम ठीक से बैठाया?"

"बैठाया."

"दबाके? कट् करके आवाज आया?"

"आवाज तो आ रहा है. बंदही नहीं हो रहा."

त्याने फोनमधून ते टूं टूं ऐकलं. "ये तो रॅम पकड नहीं रहा. मशीन लेके आ जाओ. लेकिन कल. आज मैं शादी में वसई आया हूँ."

जिकडेतिकडे लग्नं.

एवढ्यात बायको बाहेर आली. हातात झारा. आधी तिने आवाज ऐकला, मग उघडं कॅबिनेट पाहिलं आणि शेवटी माझ्याकडे पाहिलं. याच क्रमाने. मला क्रम बदललेला आवडला असता.

"हात लावला."

"लावला म्हणजे... नवीन रॅम..."

"राहू दे. पेन ड्राइव्ह द्या. मामांचा बदल केल्यावर मी पत्रिका पेन ड्राइव्हवर घेऊन ठेवली होती. खालच्या प्रिंटिंगवाल्याकडून काढून आणते."

इथे मी जरा वेळ खिडकीबाहेर पाहिलं. समोरच्या बिल्डिंगला रंग चालला होता. रंग छान होता.

"पेन ड्राइव्ह कुठाय?"

"आहे. पण त्यावर मी ते... नवीन सॉफ्टवेअरचं अपडेट घेतलं. जागा पुरत नव्हती, म्हणून आधीचं जरा साफ केलं."

तिने झारा टेबलावर ठेवला, फक्त एवढंच. लेकीचा लॅपटॉप लेकीबरोबर पुण्याला, होस्टेलवर. गेल्या आठवड्यात राईला पाठवलेला नमुना फोनमध्ये होता, पण त्यात मामा खाली होते. म्हणजे मामा वर असलेली पत्रिका सगळ्या जगात एकाच ठिकाणी होती, आणि ती जागा टूं टूं करत होती.

बेल वाजली.

नवरीचे वडील अपेक्षेपेक्षा लवकरच आले होते. पांढरी पँट, पांढरा शर्ट, हातात आपट्याची पानं. मी घाईने प्लग काढला, निदान आवाज तरी थांबावा म्हणून.

"वयनी, सोना घ्या," त्यांनी पानं दिली. माझ्याही हातावर ठेवली. "झाली का पत्रिका? घरा आय बसलीय. देवीम्होरं पत्रिका ठेवल्याबिगर जेवाची न्हाय म्हनते. सकालधरनं पोटात काय न्हाय तिच्या."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेचं भाषांतर मी इथे करत नाही.

"झालीय हो," ती त्यांना हसून म्हणाली. "फक्त प्रिंट काढायचीय. मशीन जरा तापलंय. बसा तुम्ही, श्रीखंड घ्या."

"मामाचा नाव वर हाय ना?"

"हाय, हाय," मीच म्हणून गेलो.

ते सोफ्यावर बसले. आम्ही दोघं त्यांच्याकडे पाठ करून, कॅबिनेटपुढे उकिडवे. तिने फोनचा टॉर्च लावून आत धरला.

"अहो," ती हळू आवाजात म्हणाली, "हे लाल काय आहे?"

"वायर असेल."

"वायरीला तांदूळ चिकटतात का?"

मी वाकून पाहिलं. रॅमच्या खाचेत एक अक्षता आडवी पडून होती, अगदी निवांत.

"हे हळदकुंकू आत कोणी घातलं?"

"मी."

"आत?"

"बाहेरून लावून त्याला काय पोचणार?"

"कुठे कुठे लावलंत?"

"दोघींना लावलं. त्या सोनेरी दातांना. आणि वरून चार अक्षता."

मला वाटलं, आता फुटतोय बांध. पण तिने डोळे मिटून घेतले आणि तिचे खांदे हलायला लागले. रडते की हसते ते बाजूने कळेना, म्हणून मी पुढे वाकून पाहिलं. हसत होती. मग एकदम थांबली आणि पुन्हा गंभीर झाली, कारण मागून श्रीखंडाच्या वाटीत चमच्याचा आवाज थांबला होता.

"लेकीच्या कप्प्यातला खोडरबर आणा. आणि माझा ब्रश."

"कुठला?"

"लग्नाला जाताना गालांवर फिरवते तो."

मी आणला. खोडरबरने ती रॅमचे सोनेरी दात एकेक करून घासत होती, आणि मी तिच्या गालांच्या ब्रशने खाचेतलं कुंकू काढत होतो. अक्षता निघता निघेना. शेवटी तिने डोक्यातली पिन काढून ती अलगद बाहेर घेतली, आणि मला दाखवली नाही, हे तिचं मोठेपण.

"काय पायजे का मदत?" मागून पाहुण्यांनी विचारलं.

"नको, नको. सर्व्हिसिंग चाललंय," मी म्हणालो.

"आता दाबा," बायको म्हणाली. "आणि मनातसुद्धा नमस्कार करू नका."

मी दोघींना पुन्हा खाचेत दाबून बसवलं, प्लग लावला, बटण दाबलं. टूं.

दुसरा टूं आला नाही. एकच. आणि स्क्रीनवर उजेड आला. नंतर कळलं, एक टूं म्हणजे सगळं ठीक. मशीनसुद्धा ठीक आहे हे आधी घाबरवूनच सांगतं.

आम्ही सुटकेचा निःश्वास टाकतोय, तोच स्क्रीनवर गोल गोल फिरायला लागलं आणि खाली अक्षरं आली, अपडेट चालू आहे, मशीन बंद करू नका. सकाळी पेन ड्राइव्ह साफ करून आणलेलं ते माझं अपडेट. झाकण उघडायच्या आधी मीच त्याला 'नंतर कर' असं सांगून ठेवलं होतं. ही नंतरची वेळ त्याने बरोबर निवडली होती.

"ता गोल गोल काय फिरते?" पाहुणे उठून जवळ आले होते.

"तयारी करतंय," मी म्हणालो.

"तयारीला टाइम लागतोच," ते समजूतदारपणे म्हणाले. "आमचा मामा पन तसाच हाय. कवापासून रुसून बसलाय. पत्रिकंत नाव वर दिसंल तवाच हलदीला येनार."

मग आम्ही तिघंही त्या गोलाकडे बघत उभे राहिलो. टक्के वाढत, थांबत, पुन्हा वाढत. बायकोने त्यांना आणखी श्रीखंड वाढलं, मग पुन्हा वाढलं. त्यांचा फोन वाजला. पलीकडून म्हातारा आवाज काहीतरी विचारत होता. "येतो गं आय," ते म्हणाले, "वयनी पत्रिका काढतेत. दोन मिन्टां." फोन ठेवून त्यांनी आमच्याकडे पाहिलं आणि हातातली श्रीखंडाची वाटी बाजूला ठेवली. ती बाजूला ठेवलेली वाटीच मला जास्त लागली.

एकदाचं ते गोल थांबलं. बायको खुर्चीवर बसली, पत्रिकेवर माउस नेला, आणि पत्रिका टचकन उघडली. चहाचं आधण ठेवायलाही वेळ नाही. गणपती, वेलबुट्टी आणि मामा वरती, ठसठशीत.

"बघ, फरक पडला की नाही!" मला राहवलं नाही.

तिने प्रिंटचं बटण दाबलं.

पत्रिका बाहेर आली तशी पाहुण्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली. नवरीचं नाव नंतर, आधी मामांच्या नावावर बोट ठेवून त्यांनी ते मोठ्याने वाचलं. मग पत्रिका कपाळाला लावली. त्यांचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, ह्या सगळ्या खटाटोपाचं सार्थक झालं. खटाटोप माझाच होता, ही गोष्ट त्या क्षणी मी बाजूला ठेवली.

"वयनी, मशिननं काम केला. त्येला पन मान पायजे," ते म्हणाले, आणि देवघरासमोरच्या ताटातून चिमटीत कुंकू आणि अक्षता घेऊन उघड्या कॅबिनेटकडे वळले.

"नको!" आम्ही दोघं एकदम ओरडलो. मी तर हात पसरून कॅबिनेटपुढे उभाच राहिलो. ते दचकून थांबले.

"तसं नाही हो," बायको गोड आवाजात म्हणाली. "सकाळी झालीय त्याची पूजा. सविस्तर."

"असा हाय का?" त्यांनी ते कुंकू मग माझ्या कपाळाला लावलं, राहिलेल्या अक्षता माझ्या डोक्यावर टाकल्या, आणि पत्रिका जपून धरून जिना उतरले. खाली रिक्षा थांबवून ठेवली होती. तासाभराने त्यांचा फोन आला, आय जेवली.

मी झाकणाचे स्क्रू आवळत बसलो होतो. बायको समोर येऊन उभी राहिली. मी मान वर केली नाही. जे काही असेल ते डोक्यावरच्या अक्षतांवर पडू दे, असा विचार केला. तिने माझ्या केसांतली एक अक्षता चिमटीत उचलली.

मग म्हणाली, "पुढच्या दसऱ्याला तुम्ही मिक्सरची पूजा करा. मला नवीन घ्यायचाच आहे."