किरणांवरचं औषध

"ताई, तुमी बाहेर व्हा," असं लेकराच्या आईला म्हणत भाऊ एक्स-रेच्या खोलीचं दार हळूच लोटायचे.

अकोल्याच्या जुन्या शहरात आमचं छोटं एक्स-रे सेंटर. मी नोंदणीच्या टेबलावर बसायचे, भाऊ मशीन सांभाळायचे. किरणं अडवणारा शिशाचा एप्रन एकच होता. लहान लेकरू हललं की फोटो बिघडतो. मग भाऊ आईला बाहेर पाठवत, एप्रन लेकराभोवती गुंडाळत आणि त्याला स्वतः धरून ठेवत. अशा वेळी भिंतीआडचं बटण मी दाबायचे.

जेवणाच्या सुटीत भाऊ जुन्या लॅपटॉपवर गेम खेळत. पन्नाशीचा माणूस, पण रंगून जायचा. अणुयुद्धानंतरचं उजाड जग. तिथलं पाणी प्यायलं तरी अंगात किरणं भरतात. त्यावर औषध म्हणजे सलाईनसारखी एक पिशवी. ती टोचून घेतली की सगळी किरणं उतरतात. भाऊ मरमर करून पिशव्या जमवायचे आणि रस्त्यात भेटेल त्या आजाऱ्याला देऊन टाकायचे.

"स्वतःले ठेवा न एखादी," मी म्हणायचे.

"मले काय होते? खरंच असं औषध निघालं न ताई, त आपल्या फ्रिजात ठेवू. तुमच्या दह्याच्या डब्याजवळ."

भाऊंच्या खिशाला एक बिल्ला असे. अंगावर किती किरणं पडली ते त्यावरून कळतं. दर तीन महिन्यांनी तो तपासायला जाई. एकदा तपासणाऱ्यांचं पत्र आलं: प्रमाण फार वाढलंय, यांना काही दिवस मशीनपासून दूर ठेवा. मी ते मालकांना दाखवलं.

"दुसरा माणूस भेटेपर्यंत राहू द्या," मालक म्हणाले. "त्याले आताच सांगू नका."

मी पत्र खणात ठेवलं. दीड महिना. तेवढ्या दिवसांत लेकरं येतच होती, आणि बटण मीच दाबत होते.

शेवटी राहवलं नाही. पत्र भाऊंच्या हातात दिलं. त्यांनी दोनदा वाचलं.

"कवा आलं हे?"

मी तारखेवर बोट ठेवलं.

"नोकरीच्या भेवानं नाही सांगतलं काय?"

"हो."

"बरं," एवढंच म्हणाले. त्या दुपारी त्यांनी लॅपटॉप उघडला नाही.

वर्षभरानं त्यांना रक्ताचा आजार निघाला. किरणांमुळेच का, ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. मी एकदाच विचारलं, पुन्हा विचारायचा धीर झाला नाही. अमरावतीच्या दवाखान्यात भेटायला गेले तेव्हा त्यांना रक्त चढवणं सुरू होतं. वर टांगलेल्या पिशवीकडे बघत म्हणाले, "गेममंधी हे दोन सेकंदात होते, ताई. इथं सकाळपासून पडून राहिलो."

मला माफी मागायची होती. मी मोसंबी सोलून दिली आणि पाचच्या बसनं परत आले.

दिवाळीनंतर भाऊ गेले.

परवा अकोटची एक म्हातारी सेंटरात आली. तिच्या नातवाचा हात मोडला होता, तेव्हा भाऊंनीच त्याला धरलं होतं. पिशवीत वाडीतल्या वालाच्या शेंगा होत्या.

"ते फोटोवाले भाऊ कुठं हायेत?"

"जेवायले गेले," माझ्या तोंडून निघालं.

"मंग बसतो मी," म्हणाली, आणि पिशवी मांडीवर घेऊन बाकावर टेकली.