न आलेला वटवट्या

आमचे काका शिलाई मशीन दुरुस्त करतात. म्हणजे आधी ऐकतात, मग दुरुस्त करतात. मशीन टेबलावर ठेवलं की काका चाक फिरवणार, डोळे मिटून कान लावणार आणि निकाल देणार, "शटल घासतंय." उघडून बघावं तर घासतच असतं.

ह्याच कानांवर त्यांचा एक दुसरा संसार चालतो. दर वसंतात उत्तरेकडे परतणारे वटवट्या पक्षी दुकानामागच्या झाडावर दोन-तीन आठवडे मुक्कामाला येतात. वटवट्या म्हणजे पानाच्या रंगाचा, पानाएवढा जीव. दिसण्याची त्याला मुळीच हौस नाही. तो ऐकायचा असतो, सुई टोचल्यासारखा बारीक. पहिला आवाज कानी पडला की काका कॅलेंडरवर गोल करणार आणि घरात जावई आल्याचा थाट. काकूला ह्यात काडीचा रस नाही. तिचं म्हणणं, बायकोची हाक ऐकू येत नाही, पाखरू बरं ऐकू येतं.

यंदा नेहमीची तारीख उलटली. आठवडा गेला. काका रोज दुकान उघडण्याआधी झाडाखाली मान वर करून उभे. दुसऱ्या आठवड्यात त्यांना जेवण जाईना. वाटेत वादळ झालं असेल, कुठलं तरी रान तुटलं असेल, एवढासा जीव करणार काय? मला फोन करून म्हणाले, अख्खी जात संपली आणि कुणाला पत्ता नाही. उशीर झाला असेल, असा मी धीर दिला.

"तीस वर्षांत त्यांना उशीर झालेला नाही. उशीर तुला होतो."

मग एका सकाळी काकू मागे कपडे वाळत घालत होती. काका तिच्याजवळ जाऊन हळूच म्हणाले, "संपले गं वटवट्या."

काकूने तोंडातला चिमटा काढला. "काय बोलताय? दहा दिवस डोकं उठवलंय त्या पाखरांनी. आत्ताही तो बघा, बोलतोय की. तुम्ही गोल केला नाहीत, मला वाटलं रुसलात."

काकांनी तिच्या बोटाच्या रोखाने पाहिलं. खालच्याच फांदीवर वटवट्या होता. चोच उघडी, गळा थरथरतोय, आणि आवाज नाही. सुई वर-खाली होतेय पण दोराच ओवलेला नाही, तसं.

क्षणभर त्यांना हायसं वाटलं. पाखरं जिवंत होती. मग दुसरंच काही आठवलं. गेल्याच महिन्यात एक शिंपीणबाई दुरुस्त केलेलं मशीन परत घेऊन आल्या होत्या. अजून किंचाळतंय म्हणत होत्या. काकांनी त्यांना मनाचे खेळ म्हणून वाटेला लावलं होतं.

त्या दिवशी आलेल्या दोन्ही मशीनांना त्यांनी 'उद्या या' सांगितलं. मनगटावरचं घड्याळ दहादा कानाला लावलं. मग एकट्या काकूला काय ते सांगितलं.

दुसऱ्या सकाळी दोघं झाडाखाली बसली. तो बोलला की काकूने त्यांच्या मनगटावर बोट टेकवायचं, असं ठरलं. काकांनी डोळे मिटले, मशीन ऐकताना मिटतात तसेच. बोट टेकलं. पुन्हा टेकलं. मग बराच वेळ काहीच नाही.

"तो थांबला," काकांनी विचारलं, "की तू?"

उत्तर आलं नाही. की आलं होतं? डोळे उघडून बघायचं धाडस काही काकांना होईना.