मास्तरांच्या पेन्सिलीचं वरचं टोक

वहिनींचा फोन आला तेव्हा मी अंबरपेठेत आमच्या शेजाऱ्यांच्या दिवाणखान्यात डोळे मिटून बसलो होतो. त्यांनी नवे स्पीकर घेतले होते आणि 'तुमचा कान तयार आहे, जरा ऐकून सांगा' म्हणून मला बोलावलं होतं. मी दोन मिनिटं मान डोलावली, मग कपाळाला आठी घातली आणि म्हणालो, "खालचे स्वर जरा दबतायत." ते दबत होते की नाही, देव जाणे. आठी घातली की काहीतरी दबतंच, असा माझा आजवरचा अनुभव. तेवढ्यात खिशातला फोन थरथरला. "भाऊजी, हे गेले," वहिनी म्हणाल्या. "चहा घेतला, खुर्चीत बसले, आणि..." मी तसाच रिक्षा करून काचीगुड्याला निघालो. वाटेत मला मास्तरांचा चेहरा आठवायला हवा होता. आठवत होती ती त्यांच्या हातातली पेन्सिल. तीही अख्खी नाही, तिचं वरचं टोक. का, ते सांगण्यासाठीच हा लेख. दीड महिना मी तो टाळला.

विनायकराव कोंडेकर म्हणजे आमचे मास्तर. आयुष्यभर मराठी शाळेत गणित शिकवलं आणि उरलेल्या वेळात गाण्याच्या तबकड्या जमवल्या. मी वीज खात्यातला कारकून. आमची ओळख माझ्या फजितीतून झाली. आमच्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात मी एका गायिकेचा परिचय करून देत होतो. नुसता परिचय करून गप्प बसलो असतो तर माझ्या आयुष्यातली बरीच पापं टळली असती. पण बाईंनी मैफल सुरू करण्याआधी चार सूर छेडले आणि मी माइकवरून रागाचं नाव जाहीर केलं. ते चुकलं. तंबोरा जुळवता जुळवता त्यांनी माझ्याकडे पाहिलं, ती नजर मला अजून पाठ आहे. कार्यक्रम संपल्यावर एक उंच, वाळका माणूस माझ्यापाशी आला. चुकीबद्दल चकार शब्द नाही. म्हणाला, "तुम्हाला गाण्याची आवड दिसते. एकट्यानं तपासलेला पेपर मी धरत नाही. मला दुसरा परीक्षक हवाय."

त्यांच्या घरी एक पाच खणांचं लोखंडी कपाट होतं. संग्रह तेवढाच, कपाटाबाहेर एकही तबकडी ठेवायची नाही, हा नियम. नवी आत यायची तर जुनी एखादी बाहेर जाणार. कोणती, ते गुण ठरवणार. दर गुरुवारी संध्याकाळी एक तबकडी दोन्ही बाजूंनी पूर्ण ऐकायची, मग दोघांनी वेगवेगळ्या चिठ्ठीवर दहापैकी गुण लिहायचे आणि चिठ्ठ्या एकदम उघडायच्या. दोहोंत दोनपेक्षा जास्त फरक पडला तर तबकडी पुन्हा ऐकायची. सरासरी पाचाच्या खाली गेली तर ती कपाटातून बाद. चिठ्ठ्या दुमडून तबकडीच्या कव्हरात ठेवत, आणि दहा वर्षांनी फेरतपासणी होई. त्या वेळी नवे गुण लिहून होईपर्यंत जुनी चिठ्ठी उघडायची नाही. "आधीचे गुण बघून पेपर तपासायचा नसतो," मास्तर म्हणत.

पहिल्या गुरुवारी मी मनापासून ऐकलं. हलकीफुलकी गीतं होती आणि मला ती फार आवडली. मी नऊ लिहिले. मास्तरांचे तीन. ते हसले नाहीत, रागावले नाहीत. फक्त विचारलं, "का, ते सांगा." मी म्हणालो, आवडली म्हणून. ते म्हणाले, "उत्तर झालं. पायऱ्या कुठायत?"

गणिताच्या मास्तरांना उत्तराइतक्याच पायऱ्या प्रिय. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं, हे मला आज कळतं. त्या संध्याकाळी मात्र माझी कानशिलं तापली. आपला कान कच्चा आहे हे या माणसाला पुन्हा कळू द्यायचं नाही, असं ठरवून मी घरी आलो. कान तयार करणं हा एक मार्ग होता. मी दुसरा शोधला.

मास्तर चिठ्ठी लिहिताना ती मांडीवरच्या पुस्तकाआड धरत. आकडा दिसत नसे, पण पेन्सिल लांब होती. तिचं वरचं टोक पुस्तकाच्या वर हलताना दिसे. दोन-तीन गुरुवारांत मला ती लिपी वाचता यायला लागली. सातला टोक गोल फिरून थांबे, आठला घसरून उजवीकडे जाई, अर्धा गुण असला तर शेवटी एक बारीक झटका. मास्तरांचं लिहून झालं की मी छताकडे बघायचो, सुस्कारा टाकायचो आणि लिहायचो. संशय नको म्हणून कधी अर्धा गुण कमी, कधी एक जास्त. चिठ्ठ्या उघडल्या की मास्तरांचा चेहरा उजळायचा. एकदा आठवड्यामागून आठवडे आमचे गुण जुळले तेव्हा ते आत वळून म्हणाले, "अहो, ऐकलंत का? प्रभाकररावांचा आणि माझा कान एकाच मापाचा निघाला." वहिनी पोह्यांच्या बश्या घेऊन बाहेर आल्या. "हौ का?" एवढंच म्हणाल्या आणि बश्या ठेवून आत गेल्या. मी पोहे खाल्ले. चांगले झाले होते, हे मात्र माझं स्वतःचं मत.

असं वीस वर्षं चाललं. वीस वर्षं एका माणसाला वाटत राहिलं की या शहरात आपल्यासारखं ऐकणारं आणखी कुणीतरी आहे.

घर स्टेशनाजवळ. गाडी जायला लागली की मास्तर सुई उचलत, गाडी जाऊ देत आणि थोडं मागून पुन्हा लावत. गाडीमुळे गाण्याचे गुण जायला नकोत. हे आत्ता सांगतोय कारण पुढं त्याचं काम आहे.

पंचाहत्तरीनंतर मास्तरांचे कान गेले. हळूहळू नाही, दोन हिवाळ्यांत. यंत्र बसवलं, पण त्यातून बोलणं कसंबसं कळे, आणि तेही समोरच्याच्या ओठांकडे बघून. गाणं नाही. "पत्र्यावर खडे ओतल्यासारखं वाटतं," म्हणाले. मला वाटलं गुरुवार संपले, आणि खरं सांगायचं तर सुटल्यासारखंही वाटलं. पण पुढच्याच गुरुवारी त्यांनी निरोप धाडला. गेलो तर तबकडी लावून तयार, आणि चिठ्ठी एकच. "वीस वर्षं तुमचे-माझे गुण जुळले," ते म्हणाले. "आता एका परीक्षकावर भागेल. तुम्ही ऐकलंत म्हणजे मी ऐकलं."

मी नाही म्हणायला हवं होतं. मी पेन्सिल घेतली.

आता बघायला टोक नव्हतं. समोर मास्तर, हात गुडघ्यांवर ठेवून, माझ्या चेहऱ्याकडे बघत. म्हणून मी चेहऱ्यानं ऐकायला लागलो. मान, भुवया, मधूनच एक हुंकार. गाडी आली की ती मास्तरांना तळपायांतून, फरशीतून कळे. ते लगबगीनं उठत, सुई उचलत, गाडी जाईपर्यंत हात तसाच अधांतरी धरत आणि मागून पुन्हा लावत. माझं काही ऐकायचं राहू नये म्हणून. आणि मी त्या वेळी खुर्चीच्या हाताआड मोबाइल धरून क्रिकेटचा स्कोअर बघत असे.

गुण सरसकट सात. सहा तबकड्यांना सात झाले तेव्हा मास्तर म्हणाले, "हल्ली सगळेच सातानं पास?" पुढच्या वेळी कडक व्हायचं ठरवलं. पुढची होती एका जुन्या गाणाऱ्या बाईंची, निळ्या कव्हरची, कोपऱ्यात कपाच्या बुडाचा डाग पडलेली. फेरतपासणीची. त्या संध्याकाळी सामना रंगला होता. दोन्ही बाजू वाजून कधी संपल्या, मला कळलं नाही. मी आठी घातली आणि चार लिहिले.

मास्तरांनी चार पाहिले. मग कव्हरातल्या जुन्या चिठ्ठ्या उघडल्या. त्यांचे नऊ, माझेही नऊ. माझी नवी चिठ्ठी त्यांनी जुनीच्या शेजारी ठेवली. "पाच गुणांचा फरक... कान बदलला, की तबकडी झिजली?"

"झिजली," मी म्हणालो. ओठ नीट हलवून, त्यांना कळावं म्हणून.

त्यांनी एकदा कव्हरावरून हात फिरवला आणि तबकडी पिशवीत घातली. बाद झालेल्या तबकड्या ते सिकंदराबादच्या खादरभाईंना देत. जुने रेडिओ दुरुस्त करणारा माणूस, आल्यागेल्याला तबकड्याही विकायचा. मी सोबत गेलो. खादरभाईंनी कव्हर पाहिलं आणि मला विचारलं, "मास्टरसाब ये भी निकाल दिए? कायकू?" घिस गया, मी म्हणालो. त्यांनी तबकडी काढून उजेडात तिरकी धरली. "घिसा तो नईं है साब. चमक देखो." मास्तर आम्हा दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीनं बघत होते. "काय म्हणतायत?"

"सलाम सांगतायत," मी म्हणालो.

मास्तरांनीही हात कपाळाशी नेऊन सलाम केला.

तेरावं झाल्यावर आठवड्याभरानं वहिनींनी बोलावलं. काचीगुड्याचं घर सोडून त्या मुलीकडे राहायला जाणार होत्या. तिच्या फ्लॅटमध्ये ते कपाट मावणार नव्हतं. एका खणापुरती जागा होती. "पाचातला एक खण ठेवायचाय, भाऊजी. कोणत्या ठेवायच्या ते तुम्हीच निवडा. ह्यांचा आणि तुमचा कान एकच होता."

मी कपाट उघडलं. पहिल्या कव्हरात बोट घातलं तर दोन चिठ्ठ्या एकमेकींत दुमडलेल्या. साडेसात, साडेसात. दुसऱ्यात आठ, आठ. मी खाली फरशीवर बसलो आणि वहिनींना सगळं सांगितलं. पेन्सिलीचं टोक, स्कोअर, निळी तबकडी, खादरभाईंचा सलाम. सांगताना सवयीनं जरा रंगवूनही सांगितलं. वाटलं, हसतील. लोक माझ्या फजित्यांना हसतात, त्यावर मी आयुष्यभर सुटत आलोय.

वहिनी हसल्या नाहीत. म्हणाल्या, "त्या दिवशी मी भाकऱ्या करत होते. ती तबकडी लागली तर तवा उतरवून उभी राहिले. मला कुठं झिजलेली वाटली नाही. मग तुम्ही म्हणालात झिजली. मी म्हटलं, एवढे जाणकार सांगतायत... आपल्यालाच काही कळत नसंल."

मी हातातल्या चिठ्ठ्या परत कव्हरात सारल्या.

"वीस वर्षं आतून ऐकलंय सगळं," त्या म्हणाल्या. "मला कुणी चिठ्ठी दिली नाही कधी."

दुसऱ्या परीक्षकाच्या शोधात मास्तर मंडळाच्या हॉलपर्यंत आले होते. ती बसली होती स्वयंपाकघरात. आणि वीस वर्षं तिच्या खुर्चीत मी बसलो होतो, तिनंच केलेले पोहे खात.

दुसऱ्या दिवशी सिकंदराबादला गेलो. खादरभाईंना तबकडी आठवत होती. "वो तो कब की गई साब. कौन लेके गया, याद नईं." मग मला बसायला स्टूल दिलं आणि विचारलं, "मास्टरसाब कैसे हैं?" तेही मलाच सांगावं लागलं. या खेपेला जे होतं ते सांगितलं.

घर सोडायला वहिनींना अजून दोन महिने आहेत. निवड मी करणार नाही, असं त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "सुटायचं नाही असं. ऐका आता." म्हणून गुरुवार पुन्हा सुरू झालेत. मोबाइल दारातल्या फळीवर, चपलांच्या वर. मास्तरांच्या खुर्चीत वहिनी बसतात, मी माझ्या. गाडी आली की सुई मी उचलतो. गेल्या गुरुवारी दोन्ही बाजू संपल्यावर मी चिठ्ठी घेतली आणि लिहायला बराच वेळ लागला. लिहिले ते सहा. पहिल्या गुरुवारच्या त्या नवानंतर माझे म्हणावेत असे हे पहिलेच गुण. वहिनींनी चिठ्ठी उघडली तर नऊ होते. तीन गुणांचा फरक. का, विचारलं तर त्यांनी मला एक एक जागा सांगितली. कुठं आवाज मुद्दाम बारीक केलाय, कुठं तबला थांबून वाट बघतो. सगळ्या पायऱ्या.

"परत लावा," त्या म्हणाल्या. नियमच आहे तो.

मी सुई ठेवायला उठलो. वहिनींनी नवी चिठ्ठी घेतली, मास्तरांची पेन्सिल उचलली आणि तिच्या वरच्या टोकावर दुसऱ्या हाताचा तळवा झाकून धरला. आकडा चोरायला मी बघत नव्हतो. पण तसं त्यांना सांगण्याची सोय मी ठेवलेली नाही.